तिगर्नाखच्या नावावरील विश्ववृत्त : एक पाठचिकित्सा

मध्ययुगीन आयरिश शकावल्यांचा उपयोग करणारे अभ्यासक बहुधा इ. स. ४३१ पासून आरंभ करतात. त्या वर्षी पोपने पॅलेडियस या धर्माध्यक्षास आयर्लंडला पाठविले. 'अल्स्टर शकावली'च्या १८८७ व १९८३ मधील मुद्रित आवृत्त्याही तेथूनच सुरू होतात. त्यापूर्वीचा भाग म्हणजे जेरोम, ओरोसियस, बीड प्रभृतींच्या ग्रंथांवरून रचलेली जगाची कालगणना. तीत आयर्लंडविषयी विश्वसनीय असे अत्यल्प, सबब ती उपेक्षणीय, अशी यामागील समजूत दिसते. ही समजूत पाठचिकित्सेच्या दृष्टीने सदोष आहे.

प्रथम हस्तलिखितांची स्थिती पाहू. ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयातील रॉलिन्सन बी ५०२ या पोथीच्या आरंभीच्या बारा चर्मपत्रांवर या विश्ववृत्ताचा एक खंडित भाग आहे. तेथीलच रॉलिन्सन बी ५०३ मधील 'इनिसफॉलन शकावली'चा मूळ हात सुमारे १०९२ चा असून तीतही पॅट्रिकपूर्व वृत्त आहे. रॉलिन्सन बी ४८८ ही पोथी चौदाव्या शतकातील असून तीत ७६७ ते ९७३ एवढा मोठा खंड पडला आहे. क्लॉनमॅक्नॉइज येथील मठाधिपती तिगर्नाख याने येथपर्यंत लिहिले, अशी १०८८ या वर्षाखालील नोंद याच पोथीत आहे.

व्हिटली स्टोक्स यांनी १८९५ ते १८९७ या काळात हे सर्व तुकडे 'तिगर्नाखची शकावली' या एकाच नावाखाली छापले. बी ५०२ आणि बी ४८८ यांचे पाठ ख्रिस्ती शकाच्या आरंभीच्या काही वर्षांत परस्परांशी जुळतात, हा त्या एकीकरणाचा आधार होय. तो ग्राह्य आहे. परंतु दोन पोथ्यांची परंपरा एक ठरली म्हणून कर्ताही एक ठरत नाही. १०८८ ची नोंद अकराव्या शतकातील लेखकासंबंधी आहे. विश्ववृत्त कोणी रचले, याचा तीवरून निर्णय होऊ शकत नाही. नाव सोयीचे असले तरी ते प्रमाण नव्हे.

खरा वाद मुळाविषयी आहे. हे वृत्त बीडच्या ७२५ मधील कालगणनाग्रंथावरून घेतले, असे एक मत. उलट ते बीडपूर्व असून आयोना बेटावरील प्रतीचा बीडनेच उपयोग केला, असे डॅनिअल मॅकार्थी यांनी २००८ मध्ये प्रतिपादिले. मॅकार्थी यांनी वर्षारंभीच्या वारांकांना दिलेले महत्त्व स्वागतार्ह आहे. संपादकांनी ज्यांकडे दुर्लक्ष केले, ती चिन्हे त्यांनी पुराव्याच्या पदवीस नेली. तथापि नुसत्या शब्दसाम्यावरून ऋणको कोण व धनको कोण, हे ठरत नाही. जेथे आयरिश पाठ बीडहून विस्तृत आहे आणि तो विस्तार जेरोम वा ओरोसियस यांच्यातही सापडत नाही, तीच स्थळे निर्णायक ठरतील.

या वृत्ताच्या कर्त्याची वृत्तीही ध्यानात घेण्याजोगी आहे. एव्हन माखाचा राजा किंबाएथ याचे राज्यारोहण इजिप्तच्या टॉलेमीच्या अठराव्या वर्षाशी जोडून, त्यापूर्वीचे आयरिश वृत्तान्त अनिश्चित आहेत, असे तो स्वच्छ सांगतो. स्वदेशाच्या प्राचीनत्वाला अशी मर्यादा घालणारा संकलक केवळ नकलनवीस नव्हे. त्याच्या वृत्ताचा पॅट्रिकपूर्व भाग सर्व पोथ्यांतील पाठ शेजारी शेजारी ठेवून, वारांकांसह छापला जाणे, हेच या क्षेत्रातील पहिले कर्तव्य होय.