‘स्निग्ध’ हा शब्द आणि रेडब्रेस्ट

रस, रुची, आस्वाद हे आपल्या समीक्षेचे कळीचे शब्द जिभेकडून घेतलेले आहेत. पण प्रत्यक्ष जिभेवरच्या चवीविषयी लिहिण्याची वेळ आली की आपण संकोचतो. त्यातून ती चव मद्याची असली तर संकोच दुप्पट. तरीही आयर्लंडच्या रेडब्रेस्ट या ‘सिंगल पॉट स्टिल’ व्हिस्कीविषयी येथे लिहावेसे वाटते, कारण तिच्यावर इंग्रजीत जे लिहिले जाते ते मला बरेचसे अपुरे वाटते.

प्रथम नावाविषयी. ‘सिंगल’ म्हणजे एकच भट्टी नव्हे, तर एकाच डिस्टिलरीत गाळलेली. पूर्वी या प्रकाराला ‘प्युअर पॉट स्टिल’ म्हणत. मोड आणलेले आणि न आणलेले जव एकत्र आंबवायचे आणि तांब्याच्या भट्टीत, बहुधा तीनदा, ऊर्ध्वपातन करायचे, ही तिची रीत. २०१४ च्या नियमावलीने दोहोंपैकी प्रत्येकाचे प्रमाण किमान ३० टक्के ठरवले. कच्चे जव वापरात आले ते १७८५ मध्ये माल्टवर बसलेला कर चुकवण्यासाठी, ही कथा बहुतेक लेखांत येते. ती खरी धरली तरी अर्धीच आहे. तो कर एकोणिसाव्या शतकात उठला. कच्चे जव मात्र राहिले. कारण संपल्यावरही जी सवय टिकते, तिच्यामागे रुची असते. उगमावरून कृतीचे मोल ठरवण्याची ही चूक वाङ्मयाचे इतिहासकारही करतात, हे जाता जाता.

रेडब्रेस्ट हे नाव १९१२ चे, गिल्बी या मद्यव्यापाऱ्यांचे. १९८० च्या दशकात ती बंद पडली आणि १९९१ मध्ये आयरिश डिस्टिलर्सनी पुन्हा आणली. आज ती कॉर्क परगण्यातील मिडलटन येथे गाळली जाते व बर्बन आणि ओलोरोसो शेरीच्या पिंपांत मुरते. बारा वर्षांची, ४० टक्क्यांची रेडब्रेस्ट हुंगली की आधी मनुका आणि सुके अंजीर जाणवतात. हे शेरीचे देणे. परंतु फळांची यादी म्हणजे आस्वाद नव्हे. कोणत्या चवीमागून कोणती येते, हे महत्त्वाचे. घोट तोंडात फिरू लागला की इंग्रजी आस्वादक ‘क्रीमी’ किंवा ‘ऑइली’ म्हणतात. पहिला शब्द दुधाकडे नेतो, दुसरा तेलकटपणाचा दोष सुचवतो. येथे आपला ‘स्निग्ध’ हाच शब्द नेमका बसतो. त्या स्निग्धतेखालून सुंठ आणि मिरी सावकाश वर येतात. तो तिखटपणा कच्च्या जवाचा. मात्र घोट उतरल्यावर चव लवकर विरते, हा तिचा उणेपणा मान्य केला पाहिजे.

पंधरा वर्षांची ४६ टक्क्यांची आहे, अधिक दाट आणि अर्थातच अधिक महाग. तिची चव दीर्घकाळ रेंगाळते. पण लाकडाचा तुरटपणा पुढे सरसावतो आणि जव मागे पडते. वयाचा आकडा वाढला की रसिकही आपोआप नम्र होतात. मला तसे होता आले नाही. पहिला पेला मी बाराच्याच बाजूने संपवला. दुसऱ्या पेल्यात पंधरामध्ये चमचाभर पाणी घातले, तेव्हा लाकूड जरा गप्प झाले आणि सुंठेची ती ओळखीची चव परत आली.