पटलं नाही, तर पाळू नका?

तुम्ही म्हणाल, नांदेडात बसून कुप्याबद्दल, म्हणजे ट्यूनाबद्दल, कसलं लिहिता? पण वाटपाची भांडणं आपल्याला नवी नाहीत. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. पटो न पटो, दरवाजे उचलावेच लागतात.

हिंदी महासागर ट्यूना आयोगाचं तसं नाही. १९९६ पासून लागू असलेल्या त्याच्या करारात एक मोठी पळवाट आहे: ठराव झाल्यावर १२० दिवसांत हरकत नोंदवा, तो तुम्हाला लागूच होत नाही! पिवळ्या पंखांचा ट्यूना प्रमाणाबाहेर पकडला जात होता, म्हणून २०२१ मध्ये पकड घटवण्याचा ठराव झाला. इंडोनेशिया, इराण, ओमानसोबत भारतानेही हरकत घेतली. युरोपची अजस्र जहाजं जाळी ओढत असताना कपात किनारी देशांनी का सोसावी, हा प्रश्न मला रास्त वाटतो. उत्तर मात्र चुकलं.

कारण २०२३ मध्ये मासे गोळा करणाऱ्या तरंगत्या तराफ्यांवर बंधनं आली, तेव्हा युरोपीय संघाने तेच कलम वापरलं. आता त्यांना बोलायला आपल्याला तोंड कुठंय?