आकृतीतला डोळा आणि खोबणीतला डोळा

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांतील डोळ्याची आकृती पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तीच आहे. एक वर्तुळ, पुढे पारपटलाचा फुगवटा, मागे दृष्टिचेतेचे शेपूट. आकृती चुकीची नाही; भिंगामुळे दृष्टिपटलावर प्रतिमा कशी पडते हे शिकवायला ती पुरते. आमची तक्रार वर्तुळाबाहेरच्या कोऱ्या कागदाबद्दल आहे. ‘नेत्रगोल हाडांच्या खोबणीत सुरक्षित असतो’ एवढ्या एका वाक्यावर त्या भागाची बोळवण केलेली असते.

प्रौढ माणसाच्या खोबणीचे घनफळ सुमारे ३० मिलिलिटर असते. नेत्रगोलाचा व्यास २४ मिलिमीटर धरला तर त्याचे घनफळ ७ मिलिलिटरच्या थोडे वर येते. (हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे.) म्हणजे तीन चतुर्थांश जागा इतरांची: स्नायू, चेता, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सर्वांभोवती चरबी. सीटी स्कॅनमध्ये ही चरबी फार उपयोगी पडते. या तंत्राच्या मापनपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास आणि स्नायू अधिक ५०च्या जवळपास असतात. त्यामुळे गडद चरबीवर करड्या रंगाचे स्नायू आणि चेता रेखाटल्यासारखे उठून दिसतात. अवटू ग्रंथीच्या विकारात डोळे पुढे येतात तेव्हा हे स्नायू मधल्या भागात फुगलेले आणि टोकाच्या कंडरेशी बहुधा बारीकच राहिलेले दिसतात. चहूबाजूंना आणि मागे हाड, मोकळी बाजू फक्त पुढची. मग नेत्रगोल जाणार कुठे?

‘सुरक्षित’ हा शब्दही आम्हाला खटकतो. खोबणीचा तळ पातळ हाडाचा असतो आणि त्याखाली वरच्या जबड्याच्या हाडातील हवेची पोकळी असते. चेंडू किंवा कोपर डोळ्यावर बसले की हा तळ फुटू शकतो आणि चरबी त्या पोकळीत थेंबासारखी लोंबते. मुलांची हाडे लवचीक. त्यांच्यात तळाला नुसती चीर पडते, झडपेसारखी उघडते आणि स्नायू पकडून पुन्हा मिटते. अशा मुलाचा डोळा बाहेरून पांढराशुभ्र असू शकतो. सूज नाही, रक्त नाही. पण डोळा वर नेता येत नाही, एकाचे दोन दिसतात, मळमळते, उलट्या होतात, नाडीही मंदावते. उलट्यांमुळे मेंदूला मार बसल्याची शंका घेतली जाते आणि डोळा बाजूला राहतो. सीटी स्कॅनवरही मोडलेले हाड जेमतेम दिसते. फक्त पोकळीच्या छताशी छोटासा थेंब असतो, किंवा खालचा स्नायू त्याच्या जागी सापडत नाही. अडकलेला स्नायू लवकर सोडवला नाही तर कायमचा निकामी होऊ शकतो. मैदानावर मुलासोबत बहुतेक वेळा शिक्षकच असतात, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

लोकप्रिय लेखांची खोड वेगळी. स्कॅनचे चित्र छापायचे, बाण काढायचा आणि ‘पांढरा ठिपका म्हणजे रोग’ असे सांगून मोकळे व्हायचे. पांढरे म्हणजे काय, हे यंत्रावर ठरते. सीटीमध्ये डोळ्याचे भिंग उजळ आणि त्यामागचा काचाभ द्रव गडद. एमआरआयच्या ज्या चित्रांत पाणी उजळ दिसते, त्यांत नेमके उलट. लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगात कॅल्शियमचे कण साठतात, ते सीटीमध्ये लख्ख पांढरे दिसतात. तरीही आज अशा मुलांसाठी सोनोग्राफी आणि एमआरआय पसंत करतात. यातल्या काहींना आनुवंशिक दोषामुळे क्ष-किरणांपासून अधिक धोका असतो.

डोळ्यात काही घुसले असेल तर गोष्ट आणखी अवघड. लोखंडाचा कण सीटीमध्ये सहज सापडतो, पण त्या रुग्णाला एमआरआयच्या चुंबकात नेणे धोक्याचे, कारण कण आतल्या आत हलू शकतो. कोरडी काडी सीटीमध्ये हवेइतकी काळी दिसते आणि हवेचा बुडबुडा समजून सोडून दिली जाऊ शकते. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘डोळ्याला इजा’ एवढेच लिहिलेले असेल, तर स्कॅन वाचणाऱ्याने काडी शोधावी तरी का?