२२० उणे वय : सरासरी सगळ्यांची, नाडी एकाची

जिमच्या भिंतीवरचा तक्ता घ्या, नाहीतर मनगटावरचं स्मार्टवॉच. हिशेब बहुतेक ठिकाणी तोच: २२० मधून वय वजा करा, आली तुमची कमाल हृदयगती, तिच्या ७० ते ८० टक्क्यांत व्यायाम करा. हे सूत्र आलं कुठून, असं मात्र कुणी विचारत नाही. रिसर्चला येऊ पाहणाऱ्यांनी तरी विचारायला हवं.

शोधत मागे गेलं की आपण फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या १९७१ च्या पेपरपाशी पोचतो. विषय होता व्यायाम आणि हृदयविकाराचा प्रतिबंध. कमाल हृदयगतीवर स्वतंत्र प्रयोग त्यात नाही. आधीच्या अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडून ढोबळ रेष काढलेली आहे, रिग्रेशन न करता. २००२ मध्ये रॉबर्ग्स आणि लँडवेर यांनी त्याच बिंदूंवर रिग्रेशन केलं, तेव्हा समीकरण वेगळंच आलं. तोवर सूत्र पाठ्यपुस्तकांत मुरलं होतं.

मग सूत्र बदललं की झालं? तनाका आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३५१ अभ्यासांतल्या १८,७१२ जणांची माहिती एकत्र करून नवं सूत्र दिलं: २०८ उणे वयाच्या ०.७ पट. विसाव्या वर्षी जुनं सूत्र २०० सांगतं, नवं १९४. साठाव्या वर्षी १६० आणि १६६. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८०. म्हणजे सरासरी सुधारली, पण खरी गोची तिथे नाहीच.

गोची आहे ती एकाच वयाच्या माणसांमधल्या फरकात. इथे स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १० ठोक्यांचं आहे. म्हणजे चाळिशीतल्या बहुतेकांची खरी कमाल गती १६० ते २०० च्या दरम्यान कुठेही असू शकते. तक्ता सगळ्यांना १२६ ते १४४ चा पट्टा देतो. ज्याची खरी कमाल १६० आहे, त्याच्यासाठी १४४ म्हणजे ९० टक्के. बिचाऱ्याची दमछाक होणार. ज्याची २०० आहे, त्याच्यासाठी १२६ म्हणजे ६३ टक्के. त्याला घामही फुटायचा नाही. वय तेच, तक्ता तोच, व्यायाम मात्र दोन टोकांचे.

सरासरी आणि स्वतःचं मोजमाप यांतला फरक समजून घ्यायला नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडे बघा. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या अवर्षणप्रवण गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. जिल्ह्यात सरासरी किती पाऊस पडतो यावर पिकं ठरत नाहीत. गावात यंदा किती पडला, विहिरींना पाणी किती, हे मोजायचं आणि मग ग्रामसभेत पीक ठरवायचं. पाऊस कमी झाला की जास्त पाणी पिणारी पिकं नाहीत. सरासरी तिथेही अंदाजाला उपयोगी पडते, पण निर्णय मोजणीवर होतो.

व्यायामातही तसंच हवं. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा आणि काही आठवडे नोंद ठेवा. धावताना बोलून बघा: पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर श्रम मध्यम; दोन शब्दांत धाप लागली की तीव्र. गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची श्रममोजणी यासाठीच आहे. ऊन, कमी झोप, शरीरातलं कमी झालेलं पाणी यांनी ठोके वाढतात. बीटा ब्लॉकरसारख्या गोळ्यांनी कमी राहतात. तेव्हा हृदयगतीचा आकडा श्रमाच्या जाणिवेशी ताडून बघायचा. आणि हृदयविकार असलेल्यांनी कमाल गती शोधण्याचा प्रयोग घरी करूच नये. ती तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

सूत्र फेकून द्या, असं मी म्हणत नाही. शंभर जणांच्या गटाचा अंदाज बांधायला ते चालतं. पण पेपरमध्ये 'कमाल हृदयगतीच्या ७० टक्के तीव्रतेचा व्यायाम दिला' असं वाक्य आलं, की लगेच मेथड्समध्ये जा आणि बघा: ती कमाल गती प्रत्यक्ष मोजली होती, की वयावरून काढली होती? वयावरून काढली असेल, तर त्या ७० टक्क्यांचा अर्थ प्रत्येक सहभागीसाठी वेगळा आहे. निष्कर्ष वाचताना हे विसरू नका.