आलेख दिसतो, कारण दिसत नाही

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांच्या ‘द अँक्शस जनरेशन’ (२०२४) या पुस्तकाचे म्हणणे असे: २०१० ते २०१५ या काळात मुलांच्या हाती स्मार्टफोन आला आणि चिंता, नैराश्य वाढले. आलेख ठळक आहेत. पण दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. उदास मूलच फोनकडे अधिक वळत असेल तर? २०१९ साली ऑर्बेन व प्रिझबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. स्वास्थ्यातील फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक त्यांना डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. झोपेविषयीचे विवेचन मात्र अधिक पटते: रात्री फोनवर गेलेला तास झोपेतूनच वजा होतो, शाळेची वेळ तीच राहते. शिक्षकांनी पुस्तक जरूर वाचावे, आणि आलेखांना प्रश्न विचारायला मुलांनाही शिकवावे.