सावडीची शेती

शेतीच्या व्हिडिओ गेमचा आज रूढ असलेला घाट जपानमध्ये ठरला. ऑगस्ट १९९६मध्ये सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी ‘बोकुजो मोनोगातारी’ हा गेम आला. इंग्रजीत तो ‘हार्वेस्ट मून’ या नावाने ओळखला गेला. त्याचे कर्ते यासुहिरो वादा मियाझाकी प्रांतात वाढलेले. टोक्योत आल्यावर मागे राहिलेल्या गावाकडच्या जगण्याची किंमत त्यांना उमगली, आणि मारामारी नसलेला खेळ करून पाहायचे त्यांनी ठरवले. पडीक शेत, हाती कुदळ आणि झारी, मोजक्या दिवसांचे ऋतू, जवळच एक गाव आणि ओळख वाढेल तशी जवळ येणारी तिथली माणसे, ही सारी मांडणी या पहिल्या गेमपासूनची आहे. सोबत मात्र त्यात नव्हती. शेत एकट्याचे होते आणि सुगीही एकट्याची.

सोबतीचा प्रश्न आधी निन्टेन्डोच्या कात्सुया एगुची यांनी हाताळला. चिबाहून क्योतोला आल्यावर घरच्यांपासून आणि मित्रांपासून तुटल्याची जाणीव त्यांना होती. त्यातून २००१ साली ‘दोबुत्सु नो मोरी’, म्हणजे पुढचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’, तयार झाला. एकाच गावात घरातल्या चौघांची घरे, पण खेळायचे ज्याने त्याने आपल्या सवडीने. दुपारी मुलाने पत्र लिहून ठेवावे आणि रात्री उशिरा घरी आलेल्या वडिलांनी ते उघडावे, अशी ती योजना होती. मार्च २०२०मध्ये आलेल्या ‘न्यू होरायझन्स’ या भागात शेतीपेक्षा बेट सजवण्याला महत्त्व आहे, तरी तिथला सलगमांचा व्यापार सोबतीचा उत्तम नमुना ठरतो. सलगम रविवारी विकत घ्यायचे, पुढच्या रविवारी ते सडतात, आणि मधल्या दिवसांत प्रत्येक बेटावर भाव निराळा असतो. आपल्याकडे भाव पडला तर ज्याच्या बेटावर तो चढला आहे त्या मित्राकडे जाणे आलेच.

मधल्या काळात झिंगा या कंपनीच्या ‘फार्मव्हिल’ने वेगळीच वाट धरली. जून २००९मध्ये फेसबुकवर आलेल्या या खेळाचे मासिक खेळाडू वर्षभराच्या आत आठ कोटींवर गेले. शेजाऱ्याच्या पिकाला खत घालणे, भेट पाठवणे, वस्तू मागणे, अशी देवाणघेवाण त्यात होती. प्रत्यक्ष गाठ नव्हती. वेळेत काढले नाही तर पीक वाळून जाई, त्यामुळे खेळाडू ओढीपेक्षा धास्तीने परत येई. मित्र हा इथे साधनसामग्रीचा एक प्रकार होता. लाखो लोकांना संगणकावरच्या शेताची पहिली ओळख याच खेळाने करून दिली, हे श्रेय त्याचेच. पण ज्याला सोबत म्हणावे ती त्याने दिली नाही.

ती दिली ‘स्टारड्यू व्हॅली’ने. सिअ‍ॅटलच्या एरिक बॅरोन यांनी सुमारे साडेचार वर्षे एकट्याने राबून हा गेम केला: चित्रे, संगीत, संवाद, संगणकीय आज्ञावली, सगळे एकहाती. तो २६ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रकाशित झाला आणि डिसेंबर २०२४पर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. मित्रांसह खेळायची सोय ऑगस्ट २०१८मध्ये संगणकावर आली. एक जण यजमान आणि त्याच्या शेतावर इतर तिघांच्या झोपड्या. मार्च २०२४च्या १.६ आवृत्तीत संगणकावरची मर्यादा आठ खेळाडूंवर गेली.

हा खेळ मित्रांमध्ये इतका का टिकला, याचे उत्तर त्याच्या घड्याळात आहे. खेळातली दहा मिनिटे म्हणजे खरे सात सेकंद. सकाळी सहाला उजाडते, रात्री दोनला दिवस संपतो, म्हणजे अख्खा दिवस सुमारे चौदा मिनिटांचा. एकट्याने खेळताना पिशवी उघडली की वेळ थांबते. चौघांत ती थांबत नाही. एवढ्या वेळात एकाच्याने पाणी घालणे, मासे धरणे, खाणीत उतरणे आणि गावातल्या कोणाला वाढदिवसाची भेट देणे होत नाही. म्हणून कामे आपोआप वाटली जातात. एकाला खाणीचा नाद लागतो, दुसरा वाफे आखतो, तिसरा कोंबड्या-गाई पाहतो, चौथा दिवसभर नदीकाठी बसतो. खाणीतले तांबे आणि लोखंड वर आल्याशिवाय पाणी शिंपडणारी यंत्रे होत नाहीत, आणि ती झाल्याशिवाय झारीतून सुटका नाही. एकाचा घाम दुसऱ्याच्या वाफ्यात दिसतो. बैल आणि हात एकमेकांना देऊन शेती करण्याला मराठीत सावड म्हणतात; या खेळाला तो शब्द चपखल बसतो.

दुसरी बाब झोपेची. सगळे आपापल्या बिछान्यात शिरल्याखेरीज दोनच्या आधी दिवस मिटत नाही. जो आधी परतला तो पडून राहतो आणि खाणीतून धावत येणाऱ्याची वाट पाहतो. कोणी दोनच्या आत पोहोचला नाही तर तो जागीच कोसळतो आणि काही पैसे गमावतो. पण या वाट पाहण्याच्या मिनिटांत काम संपलेले असते आणि जाता येत नाही. गप्पा नेमक्या तिथेच रंगतात. हातांना सोपे काम आणि तोंड मोकळे, अशी ही रचना आहे. शेंगा सोलताना किंवा पापड लाटताना जमणाऱ्या बैठकीचेही हेच मर्म असते.

तिसरी बाब पैशाची. सुरुवातीला चौघांची थैली एकच. तेराव्या वसंतदिनी अंड्यांच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचे बी मिळते, आणि नेमके आदल्या दिवशी कोणी सगळी शिल्लक नव्या अवजारावर उडवलेली असते. असे तंटे मैत्रीला मानवतात, कारण दंड लहान असतो आणि ऋतू अठ्ठावीस दिवसांनी उलटतो. पुढे वेगळ्या थैल्यांची सोय आली आणि चार कोपऱ्यांत विभागलेले शेतही. सोय म्हणून ती योग्यच, पण ज्या मंडळींनी थैली एक ठेवली त्यांचा खेळ अधिक रंगतो. बांध घातला की बोलणे कमी होते.

एकमेकांची गरज भासवण्याच्या याच गुणाच्या कसोटीवर इतर गेम तपासावेत. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ दिसायला रुक्ष, खऱ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. तरी कापणी यंत्र चालवणाऱ्याच्या शेजारून दुसऱ्याने ट्रॉली त्याच वेगाने न्यावी आणि चालत्या गाडीत धान्य पडावे, या एका प्रसंगात सहकार्याचा खरा आनंद आहे. फोनवरचा ‘हे डे’ पीक वाळू देत नाही, ही त्याची माणुसकी; भेट मात्र तिथेही देवाणघेवाणीपुरती. ‘स्टारड्यू’च्या यशानंतर आलेल्या बहुतेक गेमांनी चित्रे गोड केली, खेळाडूंची संख्या वाढवली, पिकांची यादी लांबवली. प्रत्येकाला सगळेच करता येईल इतका निवांत वेळही दिला. त्यामुळे कोणाला कोणाची गरज उरली नाही, आणि एकाच पडद्यावर चौघे आपापली भातुकली खेळू लागले. या प्रकाराची सध्याची उणीव ती हीच.

‘स्टारड्यू’तही एक उणे आहे. शेत यजमानाच्या संगणकावर असते. तो नसला की इतरांना दार बंद. पण शेत टिकते तेही यामुळेच, कारण ते कोणत्याही कंपनीच्या केंद्रावर अवलंबून नाही. मूळ ‘फार्मव्हिल’ ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला आणि त्यातली शेते पुन्हा कोणालाच उघडता आली नाहीत. २०१८ साली चौघांनी मिळून नांगरलेले ‘स्टारड्यू’चे शेत मात्र, यजमानाने जपून ठेवले असेल तर, आजही उघडते.