साधनाची निवृत्ती आणि कलेची स्मृती : 'सॉफ्टइमेज'च्या निमित्ताने

चित्रपटाच्या समीक्षेत दिग्दर्शक, पटकथाकार, छायाचित्रकार, संकलक यांचा विचार विस्ताराने होतो. ज्या साधनाने प्रतिमा घडते, त्या साधनाचा विचार मात्र तंत्रज्ञांवर सोपवला जातो. कॅमेऱ्याच्या बाबतीत ही विभागणी काही अंशी चालून जाते. संगणकीय अ‍ॅनिमेशनच्या बाबतीत ती टिकत नाही. तेथे पडद्यावरील पात्राची हालचाल कलावंताच्या मनात जितकी असते, तितकीच ती सॉफ्टवेअरने त्याला उपलब्ध करून दिलेल्या व्याकरणातही असते. प्रस्तुत लेखात 'सॉफ्टइमेज' या व्यावसायिक अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरचा उदय आणि २०१४ मध्ये जाहीर झालेली त्याची निवृत्ती यांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. ही निवृत्ती तंत्राच्या जुनेपणापेक्षा मालकीच्या रचनेतून आली, आणि म्हणूनच ती कलेच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी घटना आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

सॉफ्टइमेजची स्थापना डॅनियल लांगल्वा यांनी १९८६ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे केली. लांगल्वा यांची घडण चित्रपटकाराची होती. त्यांनी नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडासाठी काम केले होते, आणि 'टोनी द पेल्ट्री' (१९८५) या लघुपटाच्या चार दिग्दर्शकांपैकी ते एक होते. वैभवाचे दिवस सरलेला एक पियानोवादक गतकाळ आठवतो, एवढाच त्या लघुपटाचा विषय. परंतु संगणकाने घडवलेल्या चेहऱ्यावर भाव उमटू शकतात हे त्यातून दिसून आले. त्या काळातील अ‍ॅनिमेशनची साधने प्रामुख्याने गणितज्ञ आणि अभियंते यांच्या हातची होती. चित्र काढणाऱ्याला स्वतः वापरता येईल असे साधन हवे, या गरजेतून १९८८ मध्ये सॉफ्टइमेजची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली. गरज कलावंताची होती, ही बाब पुढील सर्व इतिहास वाचताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या साधनाने व्याकरणात नेमके काय बदलले, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. त्रिमितीय पात्राचा हात टेबलावरील पेल्यापर्यंत न्यायचा असेल तर जुन्या पद्धतीत आधी खांदा फिरवायचा, मग कोपर, मग मनगट. प्रत्येक सांध्याचा कोन स्वतंत्रपणे ठरवायचा आणि शेवटी हात पेल्यापर्यंत पोहोचला की नाही ते पाहायचे. 'इन्व्हर्स कायनेमॅटिक्स' या पद्धतीत क्रम उलटतो. कलावंत हाताचे अंतिम स्थान ठरवतो आणि मधल्या सांध्यांचे कोन संगणक काढतो. हे गणित यंत्रमानवशास्त्रात आधीपासून परिचित होते. सॉफ्टइमेजने 'अ‍ॅक्टर' या विभागाद्वारे ते अ‍ॅनिमेटरच्या रोजच्या कामात आणले. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने १९९७ या वर्षासाठीचा वैज्ञानिक व अभियांत्रिकी पुरस्कार दिला तो याच विभागासाठी. सोय वाढली, वेळ वाचला, हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की कलावंताचा विचार सांध्याकडून हेतूकडे सरकला. पात्राला काय करायचे आहे, हा प्रश्न आधी आला. अभिनयाच्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे.

'जुरासिक पार्क' (१९९३) मध्ये त्याचे फळ दिसते. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने त्यातील संगणकीय डायनासोरांची हालचाल सॉफ्टइमेजमध्ये घडवली. अंतिम प्रतिमा 'रेंडरमॅन' या दुसऱ्या आज्ञावलीने तयार झाली. गॅलिमिमसचा कळप धावत येतो ते दृश्य आठवावे. प्रत्येक पाऊल जमिनीवर पडते, क्षणभर तेथेच ठरते आणि मगच उचलले जाते. पाऊल घसरले की वजन नाहीसे होते, आणि वजन नाहीसे झाले की प्राणी खोटा वाटतो. पाऊल एका जागी रोवून ठेवणे ही इन्व्हर्स कायनेमॅटिक्सने सुलभ केलेली गोष्ट होय. त्वचेच्या पोताची प्रशंसा पुष्कळ झाली. माझ्या मते त्या दृश्याची खरी कमाई पावलांत आहे. याच चित्रपटाच्या वेळी फिल टिपेट यांच्या चमूतील बाहुली-अ‍ॅनिमेशनच्या कलावंतांसाठी डायनासोरच्या सांगाड्यासारखे एक उपकरण तयार करण्यात आले. त्याचे सांधे हाताने हलवले की ती हालचाल संगणकातील प्रतिकृतीपर्यंत पोहोचत असे. जुन्या हाताचे ज्ञान नव्या साधनात वाहून आणण्याचा तो प्रयत्न होता. 

यानंतरचा इतिहास मालकीचा आहे. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे १३ कोटी डॉलर्सना विकत घेतली. सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या संगणकांवर चालणारे व्यावसायिक काम विंडोज एनटीवरही होऊ शकते, हे सिद्ध करण्यात मायक्रोसॉफ्टला रस होता. १९९६ मध्ये तशी आवृत्ती निघाली आणि तो हेतू बव्हंशी साध्य झाला. १९९८ मध्ये कंपनी अ‍ॅव्हिडकडे गेली. तो व्यवहार सुमारे २८.५ कोटींचा होता. दरम्यान सॉफ्टवेअर मुळापासून नव्याने लिहिण्याचे काम लांबत गेले. 'एक्सएसआय' ही नवी पिढी २००० मध्ये आली, तोवर 'माया' हे प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअर १९९८ मध्येच बाजारात उतरले होते. ही दोन वर्षे महागात पडली. २००८ मध्ये ऑटोडेस्कने सॉफ्टइमेज सुमारे साडेतीन कोटी डॉलर्सना घेतले. (अ‍ॅव्हिडने घेतलेल्या मालमत्तेतील 'डीएस' ही संपादनप्रणाली स्वतःकडे ठेवली होती, तेव्हा दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करणे न्याय्य नाही. तरीही उतार लपत नाही.) '३डीएस मॅक्स' मुळात ऑटोडेस्कचेच होते आणि माया २००६ मध्ये त्यांच्याकडे आले होते. अशा रीतीने एकमेकांशी स्पर्धा करणारी तीन साधने एका छपराखाली आली.

येथे एक विसंगती लक्षात येते. बाजारातील मूल्य घसरत असतानाच सॉफ्टइमेज कल्पकतेच्या दृष्टीने शिखरावर होते. २००८ मध्येच त्यात 'आयसीई' नावाची व्यवस्था आली. लहान लहान चौकटी रेषांनी जोडत जायचे आणि त्यातून धूर, थवे, गवत, तुटणाऱ्या भिंती किंवा पात्राच्या शरीराचे नवे नियम तयार करायचे, असे तिचे स्वरूप होते. आज्ञावली लिहिता न येणारा कलावंतही तिच्यामुळे स्वतःचे साधन स्वतः घडवू लागला. लांगल्वा यांच्या मूळ हेतूचा हा तर्कशुद्ध विस्तार होता. ज्या आवृत्तीने तो घडवला, ती त्यांच्या कंपनीच्या शेवटच्या स्वतंत्र आवृत्तींपैकी ठरावी, हा योग विचित्रच म्हणावा लागेल.

४ मार्च २०१४ रोजी ऑटोडेस्कने जाहीर केले की 'सॉफ्टइमेज २०१५' ही शेवटची आवृत्ती असेल. ३० एप्रिल २०१६ पर्यंत साहाय्य मिळाले. ग्राहकांना माया किंवा मॅक्सकडे वळण्याची सवलत देण्यात आली. कंपनीची बाजू अशी की विकासाचे बळ दोन सॉफ्टवेअरवर केंद्रित करावयाचे आहे. व्यापाराच्या हिशेबात या युक्तिवादात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यातून तंत्र कालबाह्य झाल्याचा निष्कर्ष निघत नाही. रेखाकृतीतून साधन घडवण्याची कल्पना मायामध्ये 'बायफ्रॉस्ट'च्या रूपाने २०१९ मध्ये आली आणि 'ब्लेंडर'मध्ये 'जॉमेट्री नोड्स' म्हणून २०२१ मध्ये. जे मागे पडले म्हणून सोडून दिले, त्याच दिशेने इतरांना यावे लागले.

कोणी म्हणेल, साधने येतात आणि जातात. अ‍ॅनिमेशनची तत्त्वे कायम राहतात. बोरू गेला, टाक गेला, अक्षर राहिले. हा आक्षेप गंभीर आहे, परंतु तो अपुरा आहे. बोरूने लिहिलेली पोथी वाचण्यासाठी बोरू लागत नाही. सॉफ्टइमेजमध्ये घडवलेले दृश्य उघडण्यासाठी मात्र सॉफ्टइमेजच लागते, कारण त्याची फाइल-रचना बंदिस्त आहे. पात्राचा आकार, सांगाडा, हालचालीचे वक्र एवढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते. आयसीईमधील रचना नेता येत नाही. म्हणजे निष्पत्ती उरते आणि विचार जातो. कायम परवाना असणाऱ्यांना ते वापरत राहण्याची मुभा होती, परंतु संगणक आणि कार्यप्रणाली बदलत असताना एकाच जागी थांबलेले सॉफ्टवेअर किती काळ चालणार? आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांना हा अनुभव परका नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला प्रबंध आज उघडला की मराठीच्या जागी रोमन चिन्हांची रांग दिसते. तेथे निदान छापील प्रत ग्रंथालयात असते.

पर्याय असू शकतो, हे ब्लेंडरच्या उदाहरणावरून दिसते. त्याची मालक कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये वापरणाऱ्यांनी आणि हितचिंतकांनी सुमारे सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याची मूळ संहिता मुक्त करून घेतली. त्याच ब्लेंडरमध्ये घडलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियातील चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. मुक्त संहिता म्हणजे उत्तम कला, असे समीकरण मांडण्याचा येथे हेतू नाही. २००२ मधील ब्लेंडर सॉफ्टइमेजच्या जवळपासही नव्हते. पण एकाच्या वापरकर्त्यांना साधन वाचवण्याचा मार्ग होता आणि दुसऱ्याच्या वापरकर्त्यांना निषेधापलीकडे मार्ग नव्हता.

आपल्याकडील अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासक्रमांना अनेकदा सॉफ्टवेअरचेच नाव असते. त्या नावाखाली काय शिकवले जाते, मालकाचे बटण की हालचालीचे व्याकरण, याची तपासणी अभ्यासमंडळांनी करावयास हवी. जतनाचा प्रश्न तर अधिक बिकट आहे, आणि त्याची जाणीव सॉफ्टइमेजच्या घरातच होती. लांगल्वा यांनी १९९७ मध्ये कला, विज्ञान आणि तंत्रज्ञान यांसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. त्या प्रतिष्ठानने २००५ मध्ये 'डोकॅम' हा संशोधन-उपक्रम सुरू केला. तंत्रज्ञानावर अवलंबून असलेल्या कलाकृतींचे दस्तऐवजीकरण आणि जतन कसे करावे, हा त्याचा विषय होता. सॉफ्टइमेजची शेवटची आवृत्ती त्यानंतर नऊ वर्षांनी निघाली.